कुबरनेटीसच्या देखभालीत पोस्टग्रेस क्लस्टर चालू ठेवण्याची रीत

कुबरनेटीस म्हणजे कंटेनरमधील ॲप अनेक यंत्रांवर चालवणारी प्रणाली. तिची नवी आवृत्ती वर्षातून साधारण तीन वेळा येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे १४ महिनेच दुरुस्त्या मिळतात. त्यात नोडवरील, म्हणजे त्यातील एकेका यंत्रावरील, लिनक्सच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची भर घातली, तर ज्या नोडवर आपला डेटाबेस चालतो तो वर्षभरात अनेकदा रिकामा करावा लागणार, हे धरूनच चालावे लागते. वेब ॲपच्या पॉडला (पॉड म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा संच) याचे सोयरसुतक नसते. तो एका नोडवर बंद होतो, दुसऱ्यावर सुरू होतो आणि वापरकर्त्याला पत्ताही लागत नाही. डेटाबेसच्या पॉडमागे मात्र डिस्क असते, लेखनाचा भार वाहणारी एकच प्रायमरी असते आणि तिच्या मागोमाग चालणाऱ्या रेप्लिका, म्हणजे प्रती, असतात. तेथे कोणता पॉड आधी हलवला आणि कोणता नंतर, यावर बरेच अवलंबून असते.

नुकतेच हे काम हाती घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून तीन सदस्यांचा पोस्टग्रेस क्लस्टर घेतला आहे. तो स्टेटफुलसेटमध्ये, म्हणजे ठरलेली नावे आणि स्वतःच्या डिस्क असलेल्या पॉडच्या गटात, चालतो आणि प्रायमरी कोण असावी हे पॅट्रोनी ही पोस्टग्रेस सांभाळणारी प्रणाली ठरवते. पॉडची नावे पीजी-०, पीजी-१ आणि पीजी-२ अशी असून ते अनुक्रमे क, ख आणि ग या नोडवर आहेत. सध्या पीजी-१ ही प्रायमरी आहे. पुढील प्रत्येक पायरीमागे एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगतो: पॉड ‘रेडी’ आहे की नाही एवढेच कुबरनेटीसला दिसते, त्यातला डेटाबेस अद्ययावत आहे का, तोच प्रायमरी आहे का, हे त्याला दिसत नाही. ही माहिती कधी नियमांच्या रूपाने, तर कधी स्वतः थांबून आणि पाहून आपल्याला पुरवावी लागते.

ड्रेन म्हणजे नेमके काय

नोड रिकामा करण्यासाठी ‘क्यूबसीटीएल ड्रेन’ ही आज्ञा वापरतात. ती प्रथम नोडला कॉर्डन करते, म्हणजे त्यावर नवे पॉड येणे बंद होते, आणि मग त्यावरील प्रत्येक पॉडसाठी एपीआय सर्व्हरकडे, म्हणजे कुबरनेटीसच्या सर्व विनंत्या घेणाऱ्या केंद्राकडे, इव्हिक्शनची, म्हणजे पॉड तेथून काढण्याची, विनंती पाठवते. ही विनंती आहे, हुकूम नव्हे, आणि आपले संपूर्ण संरक्षण याच फरकावर उभे आहे. सर्व्हर ती नाकारू शकतो. नाकारल्यास ४२९ हा कोड परत येतो आणि ड्रेन दर ५ सेकंदांनी पुन्हा विचारत राहते. वेळेची मर्यादा दिली नसेल, तर ती कितीही वेळ विचारत राहते.

याउलट ‘क्यूबसीटीएल डिलीट पॉड’ ही आज्ञा कोणालाही विचारत नाही. ड्रेनलाच ‘डिसेबल-इव्हिक्शन’ हा पर्याय जोडला, तर तीही विचारणे सोडून थेट डिलीट करू लागते. स्टेटफुलसेटमध्ये नवी इमेज किंवा नवी मेमरी-मर्यादा टाकल्यावर जे रोलिंग अपडेट (एकेक पॉड बदलत जाणे) सुरू होते, तेही डिसरप्शन बजेट (एका वेळी किती पॉड जाऊ द्यायचे याचा नियम, पायरी २ पाहा) पाहत नाही; ते सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पॉडपासून खाली येत जाते आणि वाटेत प्रायमरी कोठे आहे याची त्याला कल्पना नसते. म्हणून ऑपरेटर, म्हणजे डेटाबेसची देखभाल आपोआप करणारा प्रोग्राम, न वापरता स्वतः स्टेटफुलसेट सांभाळणाऱ्यांनी अपडेटची पद्धत ‘ऑन-डिलीट’ ठेवावी, म्हणजे पॉड केव्हा बदलायचा हे आपल्या हाती राहते.

नोडचे यंत्र थेट बंद करणे हा सर्वांत वाईट मार्ग. नोड अनुत्तरित झाल्यावर त्यावरील पॉड काढण्याआधी कुबरनेटीस एरवी ३०० सेकंद थांबते, आणि स्टेटफुलसेटचा पॉड तर त्यानंतरही ‘टर्मिनेटिंग’ अवस्थेत अडकून राहतो, कारण जुना पॉड खरोखर थांबला आहे याची खात्री नसताना त्याच नावाचा दुसरा सुरू करणे डेटाच्या दृष्टीने धोक्याचे असते. त्यातून सुटायचे, तर यंत्र बंदच आहे याची खातरजमा करून नोडवर ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ हा टेंट, म्हणजे नोडवरची खूण, स्वतः लावावा लागतो.

पायरी १: पॉड आणि डिस्क यांची मांडणी तपासा

तीन पॉड तीन वेगवेगळ्या नोडवर आहेत का, हे प्रथम डोळ्यांनी पाहावे. योगायोगाने आज ते तसे असतील, पण नियमाने बांधलेले नसतील, तर पहिल्याच ड्रेनमध्ये दोन पॉड एका नोडवर येऊन बसतात आणि पुढच्या ड्रेनला दोघांचीही पाळी एकदम येते. त्यासाठी होस्टनेमवर आधारलेली सक्तीची अँटी-ॲफिनिटी, म्हणजे दोन पॉड एका नोडवर न ठेवण्याचा नियम, लावावी. या सक्तीची एक किंमत आहे: कुबरनेटीस क्लस्टरमध्ये एकूण तीनच नोड असतील, तर ग रिकामा केल्यावर पीजी-२ ला जाण्यासाठी जागा उरत नाही आणि ग परत येईपर्यंत तो ‘पेंडिंग’ राहतो. थोड्या वेळासाठी ते चालते. मात्र तेवढ्या काळात दोनच सदस्यांवर भागवायचे आहे, हे सर्वांना माहीत असले पाहिजे. शक्य असेल तेथे देखभालीपुरता चौथा नोड जोडणे केव्हाही श्रेयस्कर.

आता डिस्क. क्लाउडमधील नेटवर्क-डिस्क बहुधा एकाच झोनला, म्हणजे प्रदेशातील डेटासेंटरच्या एका स्वतंत्र गटाला, बांधलेली असते. ॲमेझॉनच्या मुंबई प्रदेशात तीन झोन आहेत. पीजी-२ ची ईबीएस, म्हणजे ॲमेझॉनची नेटवर्क-डिस्क, त्यांपैकी एका झोनमध्ये असेल, तर तो पॉड त्याच झोनमधील दुसऱ्या नोडवरच सुरू होऊ शकतो. म्हणजे चौथा नोड जोडताना तो कोणत्या झोनमध्ये जोडतो आहोत, हे पाहणे आले. जादा नोड एका झोनमध्ये आणि पेंडिंग पॉडची डिस्क दुसऱ्याच झोनमध्ये, हा प्रकार वरचेवर आढळतो आणि त्या वेळी शेड्यूलरचा, म्हणजे पॉडला नोड नेमून देणाऱ्या भागाचा, संदेश नीट वाचल्याखेरीज कारण लक्षात येत नाही.

डेटा नोडच्या स्थानिक डिस्कवर असेल, तर हिशेब वेगळा. नोड फक्त रीबूट होणार असेल, तर डेटा जागेवर राहतो आणि पॉड परत येऊन उरलेले बदल घेतो. नोड टाकून नवा आणला जाणार असेल, तर त्या रेप्लिकेची संपूर्ण प्रत नव्याने घ्यावी लागते. ५०० जीबीचा डेटाबेस सेकंदाला १०० एमबी या वेगाने उतरवायचा म्हटले, तरी सुमारे ८३ मिनिटे लागतात. तीन नोडचे हे काम एका रात्रीत बसवायचे की तीन रात्रींत, याचा निर्णय या आकड्यावर घ्यावा.

पायरी २: डिसरप्शन बजेट विचारपूर्वक लिहा

पॉड डिसरप्शन बजेट, म्हणजे बोलण्यातील पीडीबी, हाच इव्हिक्शनला नाही म्हणणारा नियम. तो ‘पॉलिसी/व्ही१’ या रूपात १.२१ पासून स्थिर आहे आणि जुने बीटा रूप १.२५ मध्ये काढून टाकण्यात आले. जुन्या फायली उचलून लावणाऱ्यांनी एवढे तपासावे.

बहुतेक ठिकाणी तिन्ही पॉडवर मिळून ‘मॅक्स-अनअव्हेलेबल १’ असे एकच बजेट लावलेले दिसते. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. एका वेळी एकापेक्षा जास्त पॉड जाऊ नये एवढेच ते पाहते. जाणारा तो एक पॉड प्रायमरी असेल, तर त्याला तेवढ्याच सहजपणे जाऊ देते. प्रायमरीचे जाणे आपण सांगू तेव्हाच घडावे असे वाटत असेल, तर भूमिकेनुसार दोन बजेटे करावीत. पॅट्रोनी प्रत्येक पॉडवर त्याच्या भूमिकेचे लेबल लावते आणि भूमिका बदलताच तेही बदलते. प्रायमरीच्या लेबलवर ‘मिन-अव्हेलेबल १’ (किमान एक पॉड चालू हवा) असे पहिले बजेट लावले, की प्रायमरीच्या इव्हिक्शनला नेहमीच नकार मिळतो. आपण स्वतः स्विचओव्हर केल्यावर, म्हणजे प्रायमरीची भूमिका दुसऱ्या पॉडकडे दिल्यावर, जुन्या प्रायमरीचे लेबल रेप्लिकेचे होते आणि मग तो पॉड सुखाने जाऊ शकतो. पॅट्रोनीच्या चौथ्या आवृत्तीपासून या लेबलची मूळ किंमत ‘प्रायमरी’ आहे, त्याआधी ती ‘मास्टर’ होती. पॅट्रोनी अद्ययावत केल्यावर बजेटमधील सिलेक्टर, म्हणजे लेबलवरून पॉड निवडणारी ओळ, जुनाच राहिला, तर बजेट कोणत्याच पॉडला लागू होत नाही आणि कसलीही तक्रार न करता निरुपयोगी होऊन बसते.

दुसरे बजेट रेप्लिकांसाठी. येथे नवखे हमखास अडखळतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. रेप्लिका दोन आहेत, एका वेळी एक जाऊ द्यायची आहे, तेव्हा ‘मॅक्स-अनअव्हेलेबल १’ लिहावे असे सहज वाटते. पण ही किंमत लागू करताना कुबरनेटीस सिलेक्टरमध्ये बसणारे पॉड मोजत नाही. ते त्या पॉडच्या मालकाकडे, म्हणजे स्टेटफुलसेटकडे जाऊन एकूण संख्या विचारते. ती येते ३. तीनातून एक वजा जाता किमान दोन निरोगी पॉड हवेत, आणि सिलेक्टरमध्ये बसणाऱ्या रेप्लिका मुळात दोनच आहेत. परिणामी परवानगी शून्य आणि ड्रेन कायमचे अडकलेले. त्याऐवजी ‘मिन-अव्हेलेबल १’ असा पूर्णांक लिहिला, की मोजणी सिलेक्टरमधील पॉडचीच होते: दोन आहेत, एक राहिला पाहिजे, म्हणून एकाला परवानगी. टक्केवारी वापरली, तर पुन्हा स्टेटफुलसेटचीच संख्या धरली जाते, म्हणून ती या ठिकाणी टाळावी.

एकाच पॉडला दोन बजेटे लागू होणार नाहीत याचीही काळजी घ्यावी, कारण तसे झाल्यास इव्हिक्शनची विनंती त्रुटी देऊन परत येते. हेल्म चार्टने, म्हणजे तयार मांडणीच्या पॅकेजने, आधीच एखादे बजेट बनवलेले असते आणि आपण त्यावर दुसरे लादतो, असे बरेचदा घडते. बजेटे लावून झाली की ‘क्यूबसीटीएल गेट पीडीबी’ चालवून ‘अलाउड डिसरप्शन्स’ हा रकाना पाहावा. आपल्या उदाहरणात प्रायमरीसमोर ० आणि रेप्लिकांसमोर १ दिसले पाहिजे. तसे दिसले नाही, तर पुढे जाऊ नये.

काही जण खबरदारी म्हणून सर्व पॉडवर शून्य परवानगीचे बजेट लावून ठेवतात. ही खबरदारी नसून टाळाटाळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लॅटफॉर्म सांभाळणाऱ्या व्यक्तीचे ड्रेन तासन्‌तास पुढे सरकत नाही, आणि शेवटी ती वैतागून बजेट बाजूला सारणारा पर्याय वापरते. मग संरक्षण उरतच नाही.

बजेट केवळ आपण होऊन केलेल्या हालचालींना लागू होते, ही मर्यादाही ध्यानात ठेवावी. नोडची डिस्क बिघडली किंवा वीज गेली, तर बजेट काही करू शकत नाही; फक्त त्या गेलेल्या पॉडची गणना करून ते पुढच्या इव्हिक्शनला नकार देते. हेही कमी नाही.

पायरी ३: बंद होण्यासाठी पुरेसा वेळ द्या

पॉड जाण्यास मोकळा झाला, की त्यातील मुख्य प्रक्रियेला सिगटर्म हा थांबण्याचा संकेत जातो आणि ठरलेल्या मुदतीनंतर सिगकिल हा सक्तीने थांबवणारा. ही मुदत वेगळी सांगितली नसेल, तर ३० सेकंद असते. भरपूर लेखन चालू असलेल्या पोस्टग्रेसला शेवटचा चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतील बदल डिस्कवर उतरवणे, पूर्ण करायलाच त्याहून जास्त वेळ लागू शकतो, आणि मध्येच सिगकिल बसला, तर पुढच्या वेळी सुरू होताना क्रॅश रिकव्हरी, म्हणजे नोंदींवरून डेटा सावरणे, करत बसावे लागते. डेटा त्याने जात नाही. वेळ मात्र जातो, तोही नेमका घाईच्या प्रसंगी. म्हणून ‘टर्मिनेशन ग्रेस पीरियड’ किमान काही मिनिटांचा ठेवावा. डेटाबेस लवकर थांबला, तर पॉडही लवकर संपतो, त्यामुळे मोठी मुदत ठेवण्यात तोटा नाही. प्री-स्टॉप हुक (पॉड थांबण्याआधी चालणारी आज्ञा) वापरत असाल, तर त्याचा वेळही याच मुदतीतून कापला जातो.

पोस्टग्रेसची एक खोड येथे माहीत असावी. सिगटर्म मिळाल्यास पोस्टग्रेस ‘स्मार्ट’ पद्धतीने बंद होऊ पाहते, म्हणजे नवी जोडणी घेत नाही, पण चालू जोडण्या आपणहून सुटण्याची वाट पाहत राहते. कनेक्शन पूल (उघड्या ठेवून पुन्हा वापरायच्या जोडण्यांचा साठा) असलेले ॲप जोडणी कधीच सोडत नाही, तेव्हा ही वाट संपणारी नसते. सिगइंट दिल्यास ती ‘फास्ट’ पद्धतीने, म्हणजे चालू व्यवहार रद्द करून पण डेटा नीट मिटवून बंद होते. पॅट्रोनी मधे असल्यास ती स्वतः सिगटर्म घेऊन पोस्टग्रेसला फास्ट पद्धतीनेच थांबवते. पॅट्रोनीशिवाय चालवणाऱ्यांनी आपल्या इमेजमध्ये कोणता संकेत ठरवला आहे, हे जरूर पाहावे.

पायरी ४: परतणाऱ्या रेप्लिकेसाठी वॉल राखून ठेवा

रेप्लिका दहा मिनिटे बाहेर राहिली, तर त्या दहा मिनिटांतील वॉल, म्हणजे बदलांची नोंदवही, प्रायमरीकडे शिल्लक हवी. ती पुसली गेली असेल आणि संग्रहातही नसेल, तर रेप्लिकेला सगळी प्रत पहिल्यापासून घ्यावी लागते. हे राखण्याचे काम रेप्लिकेशन स्लॉट करतो. पॅट्रोनीच्या चौथ्या आवृत्तीपासून बाहेर गेलेल्या सदस्याचा स्लॉट मूळ सेटिंगनुसार ३० मिनिटे जपला जातो. नोडचे काम त्याहून लांबणार असेल, तर ‘मेंबर स्लॉट्स टीटीएल’ वाढवून घ्यावा. त्याआधीच्या आवृत्त्यांत सदस्य दिसेनासा होताच स्लॉट काढला जात असे, म्हणून तेथे ‘वॉल कीप साइझ’वरच भिस्त ठेवावी लागते.

राखण्यालाही मर्यादा हवी. ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ ही पोस्टग्रेस १३ पासून आलेली सेटिंग मूळ स्वरूपात अमर्याद असते, आणि एखादी रेप्लिका रात्रभर पेंडिंग राहिली, तर तिच्यासाठी साठवलेल्या वॉलने प्रायमरीचीच डिस्क भरून सगळे ठप्प होऊ शकते. गर्दीच्या वेळी तासाला किती जीबी वॉल तयार होते ते मोजावे आणि डिस्कवरील मोकळी जागा पाहून आकडा ठरवावा.

पायरी ५: ॲप आणि पूलर यांनाही तयार ठेवा

स्विचओव्हर कितीही सफाईने झाला, तरी जुन्या प्रायमरीवरील उघड्या जोडण्या तुटतात. काही सेकंद लेखन होत नाही, आणि तो काळ ॲपने पुन्हा प्रयत्न करून निभावून न्यायचा असतो. ‘शून्य खंड’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्या सेकंदांत ॲप काय करते, असा प्रश्न त्याला विचारावा. जावा, पायथन, गो यांतील बहुतेक पूल मेलेली जोडणी ओळखतात, पण अर्धवट राहिलेला व्यवहार पुन्हा चालवणे हे ॲप लिहिणाऱ्याचेच काम आहे. एकच पैसे-वजावट दोनदा होणार नाही, अशा रीतीने ते लिहिलेले असले पाहिजे.

पीजीबाउन्सर हा पूलर, म्हणजे ॲप आणि डेटाबेस यांच्यामध्ये जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम, वापरत असाल, तर त्याच्या पॉडकडेही पाहा. डेटाबेसचे तीन पॉड तीन नोडवर नीट विखुरलेले आणि पूलरचे दोन्ही पॉड मात्र एकाच नोडवर, अशी मांडणी अनेक ठिकाणी आढळते. त्या नोडचे ड्रेन होताच निरोगी डेटाबेस असूनही ॲप बंद पडते. त्यांनाही स्वतंत्र बजेट आणि अँटी-ॲफिनिटी द्यावी.

पायरी ६: प्रत्यक्ष देखभाल

वेळ ठरवताना केवळ रहदारी पाहू नये. रात्री दोनला वापरकर्ते नसतात, पण बॅकअप, अहवाल आणि डेटा वेअरहाउसकडे जाणारी कामे नेमकी तेव्हाच सुरू होतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर असेल, तर महिन्याची २० तारीख टाळावी, कारण मासिक जीएसटी विवरणपत्राची ती नेहमीची अंतिम मुदत असते. क्लाउडची देखभाल-खिडकी यूटीसीत मांडलेली असेल, तर साडेपाच तास मिळवायला विसरू नये. यूटीसीतील रात्री ८ म्हणजे आपल्याकडील मध्यरात्रीनंतरचा दीड.

सुरुवातीला ‘पॅट्रोनीसीटीएल लिस्ट’ चालवावे. तिन्ही सदस्य दिसले पाहिजेत, दोन्ही रेप्लिकांची अवस्था ‘स्ट्रीमिंग’ असली पाहिजे, टाइमलाइनचा (प्रायमरी बदलली की एकने वाढणारा) आकडा तिघांचा सारखा हवा आणि लॅग, म्हणजे रेप्लिका किती मागे आहे ते, शून्य किंवा शून्याच्या जवळ. अलीकडचा बॅकअप पूर्ण झाला आहे आणि तो परत उतरवून पाहिलेला आहे, याचीही खात्री करावी. यांपैकी एखादी गोष्ट बिघडलेली असेल, तर आधी ती दुरुस्त करावी. आजारी क्लस्टरवर देखभाल सुरू करू नये.

क्रम साधा आहे: रेप्लिका आधी, प्रायमरी शेवटी. म्हणजे प्रथम ग, मग क आणि सर्वांत शेवटी ख. उलट सुरुवात केली आणि आधी ख रिकामा केला, तर प्रायमरी क वर जाऊ शकते, क च्या पाळीला ती ग वर जाईल आणि ग च्या पाळीला पुन्हा कोठेतरी. तीन नोडच्या कामात तीन वेळा प्रायमरी हलवण्याऐवजी एकदाच हलवावी.

ग वर ड्रेन चालवताना डेमनसेटचे, म्हणजे प्रत्येक नोडवर एकेक चालणारे, पॉड वगळण्याचा पर्याय द्यावा लागतो, कारण ते हटवले तरी त्याच नोडवर परत येतात. ‘एम्प्टी-डिर’चा डेटा पुसण्याची संमती मागितली जाईल. ती देण्यापूर्वी आपल्या डेटाबेसची कोणतीही महत्त्वाची फाइल तशा तात्पुरत्या जागेत नाही, हे पाहून घ्यावे. आज्ञेला वेळेची मर्यादाही घालावी, म्हणजे ती अडकल्यास आपल्याला कळते. पीजी-२ बंद होतो, नोडचे काम होते, नोड परत येतो, ‘अनकॉर्डन’ करून तो खुला केला जातो आणि पीजी-२ पुन्हा रेडी होतो.

येथे थांबायचे. पीजी-२ रेडी होताच बजेट पुन्हा एका परवानगीचे होते आणि पुढचा ड्रेन विनातक्रार चालू होईल, पण रेडी म्हणजे बरेचदा पोस्टग्रेस सुरू झाले एवढेच. बाहेर असतानाचे बदल ते अजून गिळत असेल. अशा वेळी क रिकामा केला, तर प्रायमरीपाशी एकही अद्ययावत जोडीदार उरत नाही, आणि तेवढ्यात ख वर काही बिघडले, तर पीजी-२ ला प्रायमरी होता येणार नाही. पॅट्रोनी मूळ सेटिंगमध्ये १ एमबीपेक्षा जास्त मागे असलेल्या रेप्लिकेला बढती देत नाही. म्हणून ‘पॅट्रोनीसीटीएल लिस्ट’मध्ये पीजी-२ पुन्हा स्ट्रीमिंग आणि लॅग शून्याशी आलेला दिसल्यावर, आणि तो काही मिनिटे तेथेच टिकल्यावर, क ला हात लावावा. जो आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने नोड बदलतो, त्याने हीच तपासणी स्क्रिप्टमध्ये दोन नोडच्या मधे बसवावी. माझ्या मते या लेखातून एकच गोष्ट घ्यायची झाली, तर ती ही.

क चे काम त्याच रीतीने झाले, की स्विचओव्हर. त्याआधी ‘पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी’ पाहून कोणता व्यवहार फार वेळापासून उघडा आहे का ते शोधावे. तासभर चाललेला अहवाल मध्येच तोडण्यापेक्षा तो संपू देणे किंवा त्याच्या मालकाशी आधी बोलणे बरे. मग ‘पॅट्रोनीसीटीएल स्विचओव्हर’ चालवून नवी प्रायमरी म्हणून पीजी-० निवडावी. पॅट्रोनी जुन्या प्रायमरीला नीट थांबवते, तिचे शेवटचे बदल पोहोचू देते आणि मगच कुलूप, म्हणजे प्रायमरी असण्याचा हक्क, दुसऱ्याच्या हाती देते. ठरवून केलेला हा बदल सहसा काही सेकंदांत उरकतो. तोच पॉड अचानक मेला असता, तर कुलपाची ३० सेकंदांची मुदत संपेपर्यंत पॅट्रोनीला थांबावे लागले असते.

आता लिस्टमध्ये पीजी-० प्रायमरी, टाइमलाइन एकने वाढलेली आणि बाकी दोघे नव्या टाइमलाइनवर स्ट्रीमिंग असे दिसेल. पीडीबीच्या रकान्यांतही पुन्हा ० आणि १. ॲपचे लेखन सुरळीत झाल्याची खात्री करून ख रिकामा करावा. काम संपल्यावर प्रायमरी पुन्हा पीजी-१ वर नेण्याची गरज नाही. तिन्ही पॉड सारख्या ताकदीचे असतील, तर ती ओढाताण व्यर्थ आहे.

कंट्रोल प्लेनची वेगळी भानगड

आतापर्यंतचे सगळे नोडविषयी झाले. पॅट्रोनी कुलूप कोठे ठेवते, हाही प्रश्न आहे. कुबरनेटीसवर ती बहुधा एपीआय सर्व्हरचाच त्यासाठी उपयोग करते, आणि त्यामागे ईटीसीडी हे कुबरनेटीसची माहिती साठवणारे भांडार असते. कंट्रोल प्लेन, म्हणजे एपीआय सर्व्हर आणि ईटीसीडी असलेला कुबरनेटीसचा नियंत्रक भाग, एकाच यंत्रावर असेल आणि त्याचे अपग्रेड चालू असताना एपीआय काही मिनिटे बंद राहिला, तर प्रायमरीला कुलपाची मुदत वाढवता येत नाही, आणि दुसऱ्या कोणी ते घेतले असावे या भीतीने ती स्वतःहून केवळ-वाचन अवस्थेत जाते. एकही डेटाबेस-पॉड हललेला नसताना लेखन बंद. असे घडल्यावर लोक तासभर नोड तपासत बसतात.

यासाठी पॅट्रोनीच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘फेलसेफ मोड’ आला. तो चालू असेल, तर कुलूप मिळत नसतानाही प्रायमरी बाकी सर्व ज्ञात सदस्यांशी थेट बोलून पाहते, आणि सगळ्यांनी होकार दिला तर लेखन चालू ठेवते. ‘सगळ्यांनी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या वेळी एखादी रेप्लिका ड्रेनमध्ये अर्धवट गेलेली असेल, तर होकार पूर्ण होत नाही आणि प्रायमरी खाली उतरते. तेव्हा कंट्रोल प्लेनचे अपग्रेड आणि नोडचे ड्रेन कधीही एकाच वेळी करू नये. पहिले संपून एपीआय स्थिर झाल्यावरच दुसरे सुरू करावे.

सेवा दुसऱ्याने चालवलेली असेल तर

गूगलच्या जीकेई या कुबरनेटीस सेवेत नोड अपग्रेड करताना बजेट पाळले जाते, पण जास्तीत जास्त एक तास. त्यानंतर पॉड काढला जातो. ॲमेझॉनच्या ईकेएस या तशाच सेवेत मॅनेज्ड नोड ग्रुप अद्ययावत करताना १५ मिनिटांत पॉड हलला नाही, तर ‘फोर्स’ दिले नसल्यास तो टप्पा त्रुटी देऊन थांबतो. दोन्हींचा स्वभाव उलट आहे आणि तयारीही त्यानुसार बदलते. जीकेईवर प्रायमरीचे बजेट हे केवळ तासाभराचे उसने संरक्षण आहे, म्हणून स्वयंचलित अपग्रेडची खिडकी माहीत असावी आणि त्या काळात स्विचओव्हर करायला कोणी जागे असावे किंवा ते काम ऑपरेटरवर सोपवलेले असावे. क्लाउड-नेटिव्ह-पीजीसारखे ऑपरेटर नोड कॉर्डन झालेला पाहून प्रायमरी स्वतःहून हलवतात आणि वर सांगितलेली दोन बजेटेही तेच बनवतात. नवखेपणी तेच वापरणे शहाणपणाचे.

मोंगोडीबी आणि गॅलेरा

पोस्टग्रेसमध्ये मतदान ईटीसीडीत होते. मोंगोडीबी आणि मारियाडीबीच्या गॅलेरा क्लस्टरमध्ये डेटाबेसचे सदस्य स्वतःच मत देतात. बहुमतासाठी तीन सदस्यांना दोन आणि पाचांना तीन मते लागतात. गृहनिर्माण संस्थेची सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली, तर अर्ध्या तासाने तीच सभा गणसंख्येविना भरवता येते. डेटाबेसच्या जगात अशी सवलत नाही, बहुमत परत येईपर्यंत लेखन बंदच. म्हणून येथे सर्व सदस्यांवर मिळून ‘मॅक्स-अनअव्हेलेबल १’ हे बजेट पाचांच्या क्लस्टरलाही योग्य आहे. पाचांतून दोघे गेले तरी चालते हे खरे, पण दुसरा अचानक मेलेल्यासाठी राखून ठेवावा.

मोंगोडीबीत प्रायमरीच्या नोडला हात लावण्याआधी ‘आरएस.स्टेपडाउन’ चालवावे. तसे न करता प्रायमरी नाहीशी झाली, तर मूळ सेटिंगनुसार १० सेकंद उलटल्यावरच बाकीचे नव्या निवडणुकीला लागतात.

गॅलेरात प्रायमरी नसते, त्यामुळे क्रमाची चिंता कमी. परत येण्याची मात्र जास्त. परतलेल्या सदस्याला सुटलेले बदल जी-कॅशमध्ये, म्हणजे अलीकडच्या बदलांच्या साठ्यात, मिळाले, तर तो तेवढेच घेऊन उभा राहतो. जी-कॅशचा मूळ आकार १२८ एमबी असतो, आणि लेखन जोरात असेल तर तो काही मिनिटांतच फिरून भरतो. मग त्या सदस्याला संपूर्ण प्रत घ्यावी लागते, आणि ती देणारा सदस्यही त्या कामात गुंततो. तीनपैकी एक प्रत घेतो आहे, एक देतो आहे आणि सगळा भार तिसऱ्या एकट्यावर, अशा वेळी पुढचा नोड रिकामा करू नये. जी-कॅश देखभालीच्या काळापुरती तरी पुरेल एवढी वाढवावी, आणि स्थितीदर्शक ओळ ‘सिंक्ड’ असल्याचे, तसेच क्लस्टरचा आकार पुन्हा ३ झाल्याचे पाहूनच पुढच्या नोडचे ड्रेन सुरू करावे.